बायकांच्या बाजूनं दादा कोंडके

दादा कोंडके दिग्दर्शक होते, असं वाक्य चारचौघांत टाकून बघा. समोरचा आधी हसतो, मग दोन-तीन सिनेमांची नावं घेतो, डोळा मिचकावतो आणि विषय बदलतो. शांताराम, राजा परांजपे, हिंदीतले राज कपूर, गुरुदत्त, हे सगळे पडद्यावरही दिसले, तरी त्यांना दिग्दर्शक म्हणताना कुणी अडखळत नाही. दादांच्या बाबतीत नट, निर्माते, गाणी लिहिणारे आणि 'ते डबल मिनिंगवाले' इथपर्यंत गाडी येते. पुढं जात नाही. 'सोंगाड्या'सारखे सुरुवातीचे सिनेमे त्यांनी दुसऱ्यांच्या दिग्दर्शनाखाली केले. १९७५ च्या 'पांडू हवालदार'पासून मात्र कॅमेऱ्याच्या मागंही तेच आणि पुढंही तेच. नऊ सिनेमांनी पंचवीस-पंचवीस आठवडे काढले म्हणून गिनीज बुकात नाव गेलं, ते सगळ्यांना पाठ असतं. ती गर्दी आणली कशी, गोष्ट बसवली कशी, हे कुणी विचारत नाही.

माझं उत्तर माळेगावच्या जत्रेत तयार झालं. तंबूत, बायकांच्या बाजूला बसून.

माळेगाव म्हणजे नांदेड जिल्ह्यातलं, लोहा तालुक्यातलं. खंडोबाचं. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला देवस्वारी निघते आणि मग पुढचे काही दिवस त्या माळावर माणूस आणि जनावर यांची नुसती रेटारेटी. घोडे, गाढवं, उंट, बैल. हवेत भंडारा आणि शेणाचा वास एकत्र. थंडी अशी, की पहाटे घोंगडीवर दव पडलेलं असायचं. आमच्या घरची मंडळी बैलगाडीनं जायची आणि गाडीच्याच आधारानं पाल ठोकून राहायची. दर्शन, तळी, नवस फेडणं हे दिवसा. रात्र पुरुषांची. जेवणं उरकली की आजोबा, काका, मामा फेटे सारखे करून तमाशाच्या फडाकडं निघायचे आणि बायका पोरांना घेऊन पालात. ढोलकी आणि हलगी आम्हाला ऐकू यायची, मध्येच हजार माणसं एकदम हसल्याचा आवाज यायचा आणि माझी आत्या तोंड वाकडं करून म्हणायची, "कशाला हसूलालेत एवढं, सांगंल तर खरं कुणी." सकाळी विचारलं तर पुरुष सांगायचे नाहीत. तमाशा बायकांनी बघायची गोष्ट नाही, हे एवढं पक्कं ठरलेलं होतं, की त्यावर भांडणसुद्धा व्हायचं नाही.

पिक्चर मात्र चालायचं. टुरिंग टॉकीजच्या तंबूत बायकांना वेगळी बाजू असायची, मध्ये कनात किंवा नुसता दोर बांधलेला. पिक्चर म्हणजे कसं, देवाधर्माचंही असतं, जय संतोषीमाचं असतं, त्यामुळं त्याला एकूणच घरंदाज समजलं जायचं. आणि त्या घरंदाज तंबूत लागलेलं असायचं काय? दादांचं. दहा-बारा वर्षं जुनं, प्रिंट झिजलेली, तरी दादांचंच. फडातला जो सोंगाड्या आमच्यापासून लपवून ठेवला होता, तो अर्धी चड्डी घालून, चड्डीची नाडी लोंबकळत ठेवून, पांढऱ्या कापडावर आमच्यापुढं येऊन उभा राहायचा. मराठवाड्यातल्या किती आज्या-आत्यांनी तमाशातला विनोद आयुष्यात पहिल्यांदा असा पाहिला असेल, याची मोजदाद कुणी केलेली नाही. आमच्या घरात तरी सगळ्यांनीच तसा पाहिला.

गंमत अशी, की 'सोंगाड्या'ची गोष्टही तीच. १९७१ चा हा सिनेमा, दादांची पहिली निर्मिती, वसंत सबनीसांचं लेखन, गोविंद कुलकर्णींचं दिग्दर्शन. तमाशाच्या नादी लागलेलं भोळं पोरगं आणि त्याला घराबाहेर काढणारी करारी आई. आई रत्नमाला. त्या पुढं दादांच्या इतक्या सिनेमांत आई झाल्या, की आमच्याकडं त्यांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, 'दादाची आये' एवढंच. ती पोराला तमाशावरून बोलायला लागली, की आमच्या बाजूच्या म्हाताऱ्या माना डोलवायच्या आणि पुढच्याच मिनिटाला त्याच तमाशाच्या प्रसंगाला पदर तोंडात कोंबून हसायच्या. दोन्ही मनापासून. या विसंगतीचा त्यांना काही त्रास होताना दिसला नाही.

दादा मुंबईचे. १९३२ चा जन्म, मूळ घराणं भोरकडचं, वाढले नायगाव-परळच्या गिरणगावात. नाव कृष्णा. बँडमध्ये वाजवलं, अपना बाजारात नोकरी केली, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात कामं केली. मग स्वतःचं लोकनाट्य आणि त्यातून सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा'. त्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. दादांच्या दिग्दर्शनाची शाळा कुठली म्हणाल, तर ही. वगात, म्हणजे तमाशातल्या नाट्यात, सोंगाड्याला लिहिलेलं वाक्य हे नुसतं निमित्त असतं. आज सकाळी पेपरात काय आलं, पुढच्या रांगेत कोण पुढारी बसलाय, कालच्या गावात कुठलं वाक्य पडलं, यावर रोज रात्री वाक्य बदलतं. दीड हजार रात्री समोरच्या अंधाराचा श्वास मोजत उभं राहिलेल्या माणसाला हशा किती सेकंद टिकतो हे कुणी शिकवावं लागत नाही. आशा भोसल्यांनी तो प्रयोग पाहिला, दिग्दर्शक भालजी पेंढारकरांना नाव सुचवलं आणि १९६९ च्या 'तांबडी माती'तून दादा पडद्यावर आले. भालजींना ते गुरू मानत. पण भालजींची करडी, ऐतिहासिक शिस्त शिष्याच्या सिनेमात शोधायला जाऊ नये, सापडत नाही.

मग 'सोंगाड्या' तयार झाला आणि दादरच्या कोहिनूर टॉकीजनं तो काढून त्या जागी देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचं ठरवलं. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडं गेले, शिवसैनिक टॉकीजवर गेले, सिनेमा राहिला. हा किस्सा मुंबईकर फार चवीनं सांगतात आणि सांगावा, पण आमच्याकडं त्याची मातब्बरी कधी पोचली नाही. आमच्या तालुक्याच्या एकुलत्या टॉकीजला बाराही महिने हिंदीच. मराठी पिक्चर म्हणजे जत्रा, जत्रा म्हणजे तंबू आणि तंबू म्हणजे दादा.

आता त्या तंबूतलं यंत्र कसं चालायचं ते सांगते, कारण दादांचं दिग्दर्शन आणि ते यंत्र यांची सोयरीक आहे, असं माझं मत आहे. प्रोजेक्टर ट्रकमध्येच बसवलेला असायचा. ट्रकचं तोंड बाहेर, पाठ तंबूला लागलेली आणि मागच्या भोकातून उजेडाचा झोत निघायचा. आत कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळायच्या. त्या झिजत जायच्या, तसं ऑपरेटरला त्यांच्यातलं अंतर सारखं करत राहावं लागायचं. त्याचं लक्ष जरा चुकलं, बिडी पेटवायला तो वळला, की पडद्यावरचा माणूस पिवळा पडत पडत काविळीचा व्हायचा आणि पुरुषांच्या बाजूनं शिव्या सुरू. यंत्र एकच. मोठं रीळ २००० फुटांचं, साधारण २२ मिनिटांत संपायचं. संपलं की अंधार, मग बल्ब, मग दुसरं रीळ चढेपर्यंत शेंगा, बिड्या, पोरांना बाहेर नेऊन आणणं. झिजलेली फीत मध्येच तुटायची ती वेगळी. तुटलेले तुकडे कापून जोडायचे, त्यामुळं दर जत्रेला सिनेमा थोडा थोडा आखूड होत जायचा. गोष्टीचे धागे असे कुठल्या कुठं उडालेले असायचे. गुंतागुंतीचा सिनेमा असल्या तंबूत मेला असता. दादांचा मरायचा नाही. त्यांच्या सिनेमातला प्रत्येक प्रसंग आपापल्या पायांवर उभा असायचा, तमाशात वगाच्या आधी होणाऱ्या बतावणीतल्या विनोदासारखा. मागचं रीळ हुकलं तरी पुढच्या रिळात तुम्ही हसणार याची तजवीज त्यात होती. समीक्षक याला विस्कळीत पटकथा म्हणतात. पुण्या-मुंबईच्या टॉकीजमध्ये पाहून तसं वाटेलही.

कॅमेऱ्याचंही तसंच. दादा स्वतःला बहुतेक वेळा नखशिखान्त दाखवतात. नुसता चेहरा भरून पडदाभर, असं फार कमी. कारण त्यांचा विनोद गुडघ्यात आहे, लोंबणाऱ्या नाडीत आहे, चाळिशीच्या माणसानं कुकुलं बाळ असल्यासारखं आईपुढं पाय आपटण्यात आहे. तो पाय कापला तर हशा कापला जातो. आणि दुसरी गोष्ट, वाक्य टाकल्यावर ते थांबतात. चेहरा कोरा, डोळे निरागस, जणू आपण काही वावगं बोललोच नाही. समोरचं पात्र बिचकतं, वळून बघतं, आणि तेवढ्या वेळात तंबू फुटतो. हशा ओसरत आला, की बरोबर तेव्हा पुढचं वाक्य. परवा मी मोबाइलवर यूट्यूबला 'पांडू हवालदार' लावला. कानात हेडफोन, घरात एकटी. ती थांबायची जागा इतकी लांब वाटली, की मला वाटलं व्हिडिओ अडकला. अडकला नव्हता. तिथं लोकांनी हसायचं होतं आणि तिथं लोकच नव्हते.

द्व्यर्थी बोलण्याबद्दल लिहिल्याशिवाय दादांवरचा लेख कुणी पुरा मानणार नाही. सेन्सॉर बोर्डाशी त्यांच्या झटापटी, सिनेमांची ती नावं, सभ्य घरांत ती नावं उच्चारायची चोरी, यावर पुरुषांनी भरपूर लिहून झालं आहे. मला बायकांच्या बाजूचं सांगायचं आहे. आमच्याकडं लग्नात विहिणीची गाणी म्हणतात. वरमाईला आणि तिच्या सगळ्या गोतावळ्याला उद्देशून, एक शब्द अलीकडं एक पलीकडं, अशी काही गाणी असतात, की नुसती आठवली तरी लिहायची हिंमत होत नाही. हळद लावताना, जात्यावर दळताना, पुरुष नाहीत अशी खात्री झाली, की सोवळ्यातली म्हातारीही त्यात कडवं घालायची. दोन अर्थांचं बोलणं आमच्या बायकांना दादांनी शिकवलं नाही. त्यांना ते घरचंच होतं. नवीन होतं ते इतकंच, की हे बोलणं आता एक पुरुष, सगळ्यांदेखत, उजेडात बोलत होता आणि कनातीच्या पलीकडं बसलेल्या आपल्या नवऱ्या-दिरांसोबत त्याच क्षणी हसायची बायकांना मुभा होती. पलीकडून काका खेकसायचे, "काय खिदळूलालाव गं तिकडं?" आणि आत्या अलीकडून उत्तर द्यायची, "आमी कुटं काय म्हणलं? त्यो बी कुटं काय म्हणला?" दादांच्या सगळ्या तंत्राचं वर्णन याहून नेमकं मी कुठं वाचलेलं नाही. तो काहीच म्हणाला नाही, म्हणाले ते आपण.

आणि उषा चव्हाण. दादांच्या सिनेमातली बाई म्हणजे नुसती मस्करीचं निमित्त, असं जे म्हणतात, त्यांनी सुरुवातीच्या सिनेमांतली उषा चव्हाण नीट पाहिलेली नसते. ती दादांना वाक्याला वाक्य देते. लाजते कमी, डाफरते जास्त. बावळट तो असतो, शहाणी ती असते. तिला नेमकं ठाऊक असतं हा काय बोलतोय, आणि याला ठाऊक नाही असं हा दाखवतो, या दोघांच्या मध्ये जो खेळ चालतो त्यात डाव बहुतेक वेळा तिचा असतो. गाण्यांत उषा मंगेशकर आणि महेंद्र कपूर. पंजाबी माणसाचा तो भरदार आवाज, त्या अर्ध्या चड्डीवर! बसू नये आणि तरी असा बसला, की पुढं दुसरा आवाज दादांना शोभेना. संगीतकारही दादांनीच घडवले. सुरेंद्र आणि विजय पाटील या जोडीला राम-लक्ष्मण नाव त्यांनी दिलं, 'पांडू हवालदार'पासून. त्यातल्या सुरेंद्रचं लवकर निधन झालं, तरी विजय पाटलांनी नाव जोडीचंच ठेवलं आणि १९८९ ला 'मैंने प्यार किया'ची गाणी त्याच नावानं दिली. आमच्या गल्लीत कबुतर जा जा म्हणत फिरणाऱ्या पोरांना हा धागा सांगितला असता तर त्यांनी वेड्यात काढलं असतं.

नट दिग्दर्शक झाला, की साधारण काय होतं? सगळा उजेड स्वतःवर. दादांवरही तो आरोप करता येतो, नंतरच्या सिनेमांवर तर नक्की येतो. पण 'पांडू हवालदार'मध्ये अशोक सराफ बघा. नवा पोरगा, दुसरा हवालदार, आणि दादांनी त्याला एवढं मैदान मोकळं दिलंय, की काही प्रसंगांत नायकच त्याच्या हशासाठी बाजूला उभा राहतो. 'राम राम गंगाराम'मध्ये, १९७७ ला, पुन्हा तेच, म्हमद्या खाटीक. मला वाटतं ही फडाची सवय आहे. सोंगाड्या एकट्यानं फार वेळ टिकत नाही, त्याला टोला परतवणारा लागतो. तो टोला जितका जोरकस, तितका सोंगाड्याचा भाव वर. हे गणित ज्याला कळतं तो दुसऱ्याला छोटं करत नाही. अशोक सराफांना महाराष्ट्रानं ओळखलं ते 'पांडू हवालदार'पासून.

मग ते बिघडलं. कधी, ते तारखेनिशी सांगता येणार नाही, पण ऐंशीच्या दशकात कुठंतरी. नावातच सगळा विनोद संपून जायला लागला. पोस्टर वाचून माणूस हसायचा आणि आत त्या पोस्टरचीच दोन-अडीच तास उजळणी. 'तेरे मेरे बीच में', 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' ही हिंदीतली स्वारीही झाली. त्यात तो बोलीचा गोडवा कुठून येणार? 'आये' हे हाक मारणं हिंदीत कसं करणार? दादांचं वय वाढलं, चड्डी तीच राहिली, नायिका मात्र कोवळ्या होत गेल्या आणि त्यांच्या तोंडची वाक्यं कमी कमी होत गेली. उषा चव्हाण जिथं परतवायची, तिथं या नुसत्या 'इश्श' करायच्या. टोला परतवणारं कुणी उरलं नाही, तेव्हा सोंगाड्याचं बोलणं एकतर्फी झालं, आणि एकतर्फी झालेलं द्व्यर्थी बोलणं बाईला कसं ऐकू येतं हे मी पुरुष वाचकांना काय सांगू. मी कॉलेजात असताना एका जत्रेत आईला विचारलं, चल दादाच्या पिक्चरला. म्हणाली, "नगं माय. पयल्यासारखं नाही राह्यलं त्येचं." तंबूत बायकांची बाजू त्या काळात आखडत गेली होती. टीव्ही आला, व्हीसीआर आला, ही कारणं आहेतच. पण सगळं त्यांच्यावर ढकलून मला दादांना सोडायचं नाही. ज्या दिग्दर्शकाला अंधारातला श्वास कळायचा, त्याला अर्धा तंबू उठून गेलेला कळला नाही, किंवा कळूनही उरलेला अर्धा पुरेसा वाटला.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि आपल्याकडं माणूस एक तर डोक्यावर नाही तर पायदळी, त्यामुळं दादांवर धड कुणी लिहीत नाही. ग्रामीण महाराष्ट्राचा चार्ली म्हणून आरती ओवाळणारे ते नंतरचे सिनेमे बघत नाहीत. नाक मुरडणारे पहिले बघत नाहीत. पुढं सचिन पिळगावकर आले, १९८५ ला 'धुमधडाका' घेऊन महेश कोठारे आले. दोघेही बालपणापासूनचे नट, दोघेही स्वतःला दिग्दर्शित करणारे आणि दोघांच्याही सिनेमात तंत्र दादांपेक्षा चकचकीत. पण ते सिनेमे शहरातल्या बंगल्यांत घडायचे. आमच्या आत्याला ते आवडायचे, फक्त ती त्यांत मोठ्यानं हसायची नाही.

दादा १४ मार्च १९९८ ला गेले. माळेगावची जत्रा अजून भरते, जिल्हा परिषद लावणी महोत्सव घेते, आणि आता तिथं पुढच्या खुर्च्यांवर बायकाही दिसतात, मोबाइलवर शूटिंग करत. माझी भाची पुण्यात सिनेमाचं शिकते. तिनं मागं विचारलं, दादांचं एकच बघायचं तर कुठलं बघू. मी 'पांडू हवालदार' सांगितलं आणि हेडफोन लावून बघू नको म्हणून बजावलं. होस्टेलच्या पोरी गोळा कर, आठ-दहा तरी पाहिजेत, त्यातल्या दोघी तरी गावाकडच्या पाहिजेत. आणि वर्गातल्या पोरांना यायचंच असलं, तर त्यांना मध्ये चादर बांधून पलीकडं बसव.